नकाशातल्या चुका

पुणे आणि पणजी यांपैकी पूर्वेला कोणतं? नकाशा न बघता सांगायचं. पुणे घाटावर, पणजी समुद्राकाठी, तेव्हा पुणं बरंच पूर्वेला असणार असं बोलून जायचा मोह होतो. प्रत्यक्षात पणजी पुण्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. पूर्व-पश्चिम फरक जेमतेम तीनेक किलोमीटरचा. कोकणचा किनारा दक्षिणेकडे जाताना पूर्वेला सरकत जातो. मनात मात्र आपण तो उभा, सरळ करून ठेवलेला असतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठात बारबरा ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञ असल्याच प्रश्नांच्या मागे लागल्या होत्या. एकाच खाडीच्या दोन काठांवर असलेल्या बर्कली आणि स्टॅनफर्डपैकी पश्चिमेला कोणतं? स्टॅनफर्ड खाडीच्या समुद्राकडच्या बाजूला, म्हणून तिथले विद्यार्थीसुद्धा ‘स्टॅनफर्ड’ म्हणायचे. खरं तर बर्कलीच थोडं पश्चिमेला आहे, कारण खाडी तिरकी आहे. रोम उत्तरेला की फिलाडेल्फिया? रोम. पण अमेरिका आणि युरोप मनात एका ओळीत बसलेले असतात, त्यामुळे उत्तर उलटं येतं. जगाचा खरा नकाशा आणि हे दोन भूभाग मुद्दाम एका रेषेत आणलेला खोटा नकाशा शेजारी ठेवले, तर जास्त लोकांना खोटाच खरा वाटला. हा शोधनिबंध १९८१ चा. विसरलेला माणूस कुठेही चुकतो. हे सगळे एकाच दिशेने चुकत होते. वाकडं सरळ करायचं, तिरकं उभं करायचं आणि तसंच साठवायचं, अशी ही मनाची पद्धत होती.

(आडनावावरून एमॉस ट्वर्स्की आठवले असतील, तर ते बारबरांचे पती. डॅनियल कानमन यांच्याबरोबर ते माणसाच्या अंदाजांतल्या ठरावीक चुका शोधत होते. एका घरात दोन माणसं दोन तऱ्हेच्या चुकांचा अभ्यास करत होती.)

बारबरांची सुरुवात नकाशांपासून झाली नव्हती. १९६० च्या दशकात त्या मिशिगन विद्यापीठात शिकत होत्या, तेव्हा स्मृतीवरचे प्रयोग प्रामुख्याने शब्दांच्या याद्यांवर चालत. चित्राला तिथे फारशी किंमत नव्हती. १९६९ च्या त्यांच्या प्रयोगात रेषांनी काढलेले साधे चेहरे होते आणि प्रत्येक चेहऱ्याला एक नाव. पुढे चेहराच दाखवला जाणार असं वाटलं, की लोक चेहरा मनात धरत; नाव येणार असं वाटलं, की नाव. काय साठवायचं ते, पुढे काय लागणार या अपेक्षेवर ठरत होतं. मला हा छोटा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण यात स्मृती आणि लक्ष वेगळी राहतच नाहीत.

पुढे १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी दाखवलं, की मनातल्या मनात वस्तू जितकी जास्त फिरवावी लागते तितका वेळ जास्त लागतो. १९७३ मध्ये झेनॉन पिलिशिन यांनी हरकत घेतली: डोक्यात चित्रं असतात ही केवळ बोलायची रीत आहे. हा वाद कित्येक वर्षं चालला आणि मला तो काहीसा कंटाळवाणा वाटतो. नकाशातल्या चुका त्या वादात दोन्ही बाजूंना अडचणीच्याच होत्या. मनात फोटो असेल, तर किनारा सरळ कोणी केला? नुसती वाक्यं असतील, तर चूक एवढी भूमितीय कशी? १९९३ पर्यंत ट्वर्स्की यांनी ‘मनातला अखंड नकाशा’ ही कल्पनाच बाजूला ठेवली. अनेक ठिकाणांबाबत मनात असतो तो कोलाज, असं त्या म्हणू लागल्या: पाहिलेलं, ऐकलेलं, वाटेत लक्षात राहिलेलं, आणि एकमेकांत नीट न बसणारं.

मध्येच, १९९० मध्ये, नॅन्सी फ्रँकलिन यांच्यासह केलेला एक प्रयोग आहे. गोष्टीत तुम्ही एका जागी उभे. वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे वस्तू. कुठे काय आहे? डोक्यावरचं आणि पायाखालचं सर्वांत लवकर आठवतं, मग पुढचं-मागचं, आणि डाव्या-उजव्याला सर्वांत उशीर. गुरुत्वाकर्षणाने वर-खालीचा फरक पक्का केलाय, डोळे पुढेच असतात, डावी-उजवी बाजू मात्र सारखीच. म्हणजे कल्पनेतल्या जागेलाही हाडामांसाचा आधार लागतो. ‘मनातलं चित्र’ इथे मागे पडलं आणि शरीर पुढे आलं.

त्यानंतर त्यांची नजर डोक्याबाहेर, कागदावर गेली. इंग्रजी, हिब्रू आणि अरबी बोलणाऱ्या मुलांना कागदावर स्टिकर लावून सकाळ-दुपार-रात्रीच्या जेवणांचा क्रम मांडायला सांगितला. इंग्रजी मुलांचा काळ डावीकडून उजवीकडे गेला, अरबी मुलांचा उजवीकडून डावीकडे, हिब्रू मुलांचा कधी एका दिशेने, कधी दुसऱ्या. पण ‘जास्त’ काय हे दाखवताना खाली जाणारी रांग क्वचितच कोणी मांडली. १९९९ मध्ये जेफ झॅक्स यांच्याबरोबर आलेखांची गंमत झाली. स्तंभ दाखवले की लोक तुलना करतात, रेघ दाखवली की चढउतार वाचतात. पुरुष आणि स्त्रियांची सरासरी उंची रेघेने जोडून दाखवली, तर काहींनी पुरुषपण वाढत गेलं की उंची वाढते अशा अर्थाचं वर्णन केलं! रेघेनेच त्यांच्याकडून ते वदवलं.

रस्ता विचारल्यावर लोक जे रेखाटन करतात, त्यात प्रत्येक वळण काटकोनी होतं आणि अंतरं मनाला येतील तशी होतात. १९८१ ची ती ‘चूक’च ही. पण वाट सापडते, कारण वळण कुठे आणि कोणत्या बाजूला एवढंच हवं असतं. हॅरी बेक यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३१ मध्ये काढला तो याच तत्त्वावर. स्मृतीचा दोष समजलेली गोष्ट आकृतीचं बळ निघाली, आणि ट्वर्स्की यांच्या कामातलं सर्वांत मोलाचं मला हेच वाटतं. हलती चित्रं मात्र त्यांना पटली नाहीत. २००२ मधल्या आढाव्यात त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवलं, की ॲनिमेशन सरस ठरल्याचा दावा जिथे होता, तिथे बहुधा त्यात माहितीच जास्त भरलेली होती. चित्र डोळ्यांसमोरून निघून जातं, लक्ष मागे राहतं. आजच्या शिकवण्यांच्या जाहिराती पाहता हा निबंध पुन्हा वाचायला हवा.

शेवटी हात आले. खोलीत एकटे बसून जागेचं वर्णन वाचणारे लोकसुद्धा हातवारे करतात, आणि हात हलवणाऱ्यांना ते जास्त आठवतं. २०१९ च्या ‘माइंड इन मोशन’ या पुस्तकात त्यांनी सरळ मांडलं, की अमूर्त विचाराचा पाया अवकाशातल्या हालचालींत आहे. इथे मी थोडा थांबतो. भाषेला त्या पुस्तकात जरा कमीच जागा मिळते. न्याय, कर्ज, वचन या गोष्टी केवळ वर-खाली आणि पुढे-मागेतून उभ्या राहतात हे मला अजून पटलेलं नाही.

पण चित्र आणि अवकाश वेगळे करण्याचा त्यांचा कल योग्य असावा, याला अलीकडे दुसरीकडून दुजोरा मिळाला. काही लोकांना डोळे मिटून काहीच ‘दिसत’ नाही. विल्मा बेनब्रिज आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशांना पाहिलेल्या खोल्या आठवणीतून काढायला सांगितल्या. त्यांच्या रेखाटनांत वस्तू कमी होत्या, रंग कमी होते. पण ज्या वस्तू होत्या, त्या इतरांइतक्याच अचूक जागी होत्या, आणि खोलीत नसलेल्या वस्तू त्यांनी इतरांपेक्षा कमी काढल्या.