गोधडीचा ताळेबंद

कॉमर्सच्या पदवीने मला एकच गोष्ट पक्की शिकवली: घसारा. वस्तू दरवर्षी थोडी थोडी मरते आणि शेवटी खातेवहीत शून्य उरते. हा नियम टेबलाला लागू, पंख्याला लागू, साहेबालाही लागू. नऊवारी लुगड्याला तेवढा नाही. ते विरले की वाकळ होऊन पुन्हा नोकरीला लागते.

आमच्या नगर जिल्ह्याला (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) हे पटवायला नको. कर्जतचे ग्रामदैवतच गोदड महाराज!

खरी मेख पुढेच आहे. गोधडी शिवणाऱ्या मावशी येतात. आपण गाठोडे पुढे करतो. त्या थरावर थर अंथरतात आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत दिवसच्या दिवस वाकून बसतात. मजुरीचा आकडा ऐकला की आपण म्हणतो, "अहो मावशी, चिंध्याच तर आहेत!"

थांबा, हिशेब तपासू. चिंध्यांची किंमत शून्य, हे आपणच कबूल केले. दोरा किरकोळ. मग तयार गोधडीची किंमत आली कुठून? सगळी मावशींच्या बोटांतून! म्हणजे माल जितका फुकट, तितका मजुरीचा हक्क मोठा. आपण नेमके उलटे करतो. येवल्याला पैठणीचा भाव ऐकून मान डोलावतो आणि वाकळीपाशी घासाघीस.

कुणी म्हणेल, लुगडे आजीचे, त्यात माया आहे. मान्य. पण मायेला टाके पडले नाहीत, तर बोहारणीकडे तिचे स्टीलचे पातेले होते!

तेव्हा मजुरी मुकाट्याने मोजावी. उसन्या उबेत झोप लागत नाही.