खारट कपाळ आणि प्रारब्ध

ज्या मुलाच्या कपाळाचा मुका खारट लागतो त्याच्यावर कुणीतरी चेटूक केले आहे आणि ते फार जगणार नाही, अशी युरोपात जुनी समजूत होती. निरीक्षण बिनचूक होते, चूक झाली ती दोषी शोधताना. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात पेशींतली क्षारांची ये-जा बिघडते. त्यामुळे घाम खारट होतो, फुप्फुसांत चिकट कफ साचतो आणि स्वादुपिंडातले पाचकरस आतड्यात पुरेसे उतरत नाहीत. १९८९ मध्ये त्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर सापडले. आई आणि वडील, दोघांकडून सदोष प्रत आली तरच हा आजार होतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते, आणि वाहकांना बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

आपल्याकडे चेटकाची जागा ‘मागच्या जन्मीचे भोग’ घेतात. यावर कुणी म्हणेल की विज्ञान ‘कसे’ एवढेच सांगते, ‘माझ्याच लेकराला का’ याचे उत्तर कर्मसिद्धांतच देतो. विज्ञानाची ही मर्यादा खरी आहे. पण त्या उत्तराची किंमत मूल आणि आई मोजतात. नऊ देशांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांमध्ये आणि त्यांच्या आईवडिलांमध्ये नैराश्य व चिंतेचे प्रमाण मोठे आढळले. आधीच वाकलेल्या अशा मनावर पापाचे ओझे लादणे ही क्रूरता आहे. ‘आमच्या रक्तातच खोट’ ही खंतही त्याच पापाचे नवे रूप आहे. वारशाने आलेले जनुक कुणी निवडलेले नसते आणि जिथे निवड नाही तिथे दोषही नाही.

मग प्रारब्ध मानणाऱ्याने काय करावे? त्याच परंपरेने संचित आणि प्रारब्धाच्या जोडीला क्रियमाण सांगितले आहे, म्हणजे आज हातून घडणारे कर्म. ओंजळीसारख्या हाताने पाठीवर थापट्या देऊन कफ सुटा करणे, जेवताना पाचकरसाच्या गोळ्या देणे, हे रोजचे क्रियमाण आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या मिश्रणाने अनेकांचे आयुष्य पालटले, पण ते सगळ्याच जनुकदोषांवर चालत नाही आणि त्याची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. ते मिळत नाही यालाही प्रारब्ध म्हणायचे का? किंमत माणसेच ठरवतात, तेव्हा तो अन्याय आहे. जे बदलत नाही ते स्वीकारण्यात शहाणपण आहे, पण स्वीकार आजाराचा असावा, अपराधाचा नव्हे. मुका खारट लागला, तर कुणाचे पाप हे शोधत बसू नये, घामाची तपासणी करून घ्यावी.