भिंतीवरचा चौक

आपल्या नगरच्या महावीर कलादालनात प्रमोद कांबळे यांनी नुसत्या पेन्सिलीने भरलेली एक भिंत आहे. 70 फूट लांब, 20 फूट उंच, आणि तिच्यावर थोरामोठ्यांचे सुमारे 500 चेहरे. तिच्यापुढे उभं राहिलं की मला मुंबईचं एक जोडपं आठवतं, केकू आणि खोर्शेद गांधी.

केकू मूळचे फ्रेमवाले. चित्रांच्या चौकटी बनवायचा त्यांचा कारखाना होता. आरा, हुसेन या चित्रकारांची चित्रं त्यांच्या दुकानात टांगलेली असत. पुढे 1963 साली नवरा-बायकोनं जहांगीर कलादालनाच्या माडीवर ‘केमोल्ड’ ही गॅलरी थाटली. चित्रं विकून घर चालवायचं, हे त्या काळी वेडच म्हणायचं!

पण त्यांचं मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत दिसतं: वारली आदिवासींच्या भिंतीवरच्या चित्रांना त्यांनी आपल्या गॅलरीत जागा दिली. वारली घरात लग्न निघालं की सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. मधोमध पालघट देवी. वारली लोक चित्र ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे हे पुरुष असून लिहू लागले. चित्रकार भास्कर कुलकर्णींनी त्यांना हेरलं आणि 1975 साली केमोल्डमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. झोपडीतली भिंत शहराच्या भिंतीवर आली.

2011 साली मशे यांना पद्मश्री मिळाली.

येत्या रविवारी मुलांना घेऊन महावीर कलादालनात जा. पेन्सिल आणि कागद बरोबर न्यायला विसरू नका.