दिवस कुणी मोजायचे?

मुस्लिम समाजांत गर्भपाताबद्दल काय मत आहे, असं विचारलं की बहुतेक वेळा एका वाक्यात उत्तर मिळतं: गुनाह आहे, धर्माला मान्य नाही. मुसलमान माणूस हेच सांगतो आणि मुसलमानांबद्दल बोलणारा परकाही हेच सांगतो. प्यू या अमेरिकी संस्थेनं 2013 मध्ये जगभरच्या मुसलमानांची पाहणी प्रसिद्ध केली. तीतही बहुतेक देशांत बहुसंख्य लोकांनी गर्भपात नैतिकदृष्ट्या चूक ठरवला होता. पण पाकिस्तानात अभ्यासकांनी काढलेला अंदाज असा, की 2012 या एका वर्षात तिथं साडेबावीस लाखांच्या आसपास गर्भपात झाले. करून घेणाऱ्या बायका बहुतांशी लग्न झालेल्या, पदरात आधीच मुलं असलेल्या. या दोन गोष्टी शेजारी ठेवून कुणी त्या समाजाला ढोंगी म्हणेल. मला ते घाईचं वाटतं. ‘गुनाह आहे’ म्हणणाऱ्या बाईलाही कुठंतरी ठाऊक असतं की गुनाहलाही पायऱ्या असतात, आणि आपण कितव्या पायरीवर उभ्या आहोत हे दिवसांवर ठरतं. ही समज तिनं किताबं वाचून मिळवलेली नसते. ती हजार-बाराशे वर्षं समाजात झिरपत आलेली आहे.

या समजेचा उगम दोन ठिकाणी आहे. कुराणाच्या तेविसाव्या सूरेत गर्भाच्या अवस्था येतात: थेंब, मग चिकटून राहणारा गोळा, मग मांसाचा तुकडा, मग हाडं, हाडांवर मांस, आणि शेवटी एक निराळीच निर्मिती. गर्भपाताचा थेट उल्लेख कुराणात नाही. गरिबीच्या भीतीनं मुलांना मारू नका असं बजावलं आहे, जिवंत पुरलेल्या मुलीचा न्यायाच्या दिवशीचा सवाल आहे. पण ते जन्मलेल्या मुलांविषयी. दुसरा आधार हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा. अब्दुल्ला इब्न मसऊद यांच्या नावे आलेल्या आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेल्या हदीसनुसार यांतल्या पहिल्या तीन अवस्था चाळीस-चाळीस दिवसांच्या धरल्या गेल्या. त्या संपल्यावर फरिश्ता येऊन गर्भात रूह, म्हणजे आत्मा, फुंकतो. चाळीस त्रिक एकशे वीस. पुढची सगळी चर्चा या हिशेबाभोवती फिरत राहिली. दुसरी एक हदीस चाळिसाच्या आसपासच्या रात्रीच फरिश्त्याला आणते, म्हणून काहींनी रेघ अलीकडं ओढली.

फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या पंडितांत यावर एकमत कधीच झालं नाही. मालिकी पंथ सर्वांत कडक. बीज गर्भाशयात स्थिरावलं की हात लावायचा नाही, असं त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं. हंबली पंथातल्या अनेकांनी चाळीस दिवसांपर्यंत औषध घ्यायला मुभा दिली. शाफई पंथातले इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर टाकणं आणि गर्भ पाडणं यांत स्पष्ट फरक केला. पहिल्यात काही अस्तित्वातच आलेलं नसतं. दुसऱ्यात आलेलं असतं, आणि गर्भ वाढत जाईल तसा अपराधही वाढत जातो. मला गझालींची ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण ती ‘पाप’ आणि ‘पाप नाही’ अशा दोनच कप्प्यांत अडकत नाही. हनफी पंडितांपैकी अनेकांनी 120 दिवसांच्या आत सबळ कारण असल्यास परवानगी दिली. आपल्याकडचे कोकणी मुसलमान शाफई, तर घाटावरचे बहुतेक सुन्नी हनफी. म्हणजे या प्रश्नाला रत्नागिरीत एका किताबातून उत्तर यावं आणि सोलापुरात दुसऱ्यातून, अशी ही परंपरा आहे.

सबळ कारण म्हणजे काय? दमास्कसचे इब्न आबिदीन (मृत्यू 1836) हे हनफी पंथाचे शेवटच्या मोठ्या भाष्यकारांपैकी. इब्न वहबान या जुन्या पंडिताच्या हवाल्यानं ते एक उदाहरण देतात. एका बाईच्या अंगावर तान्हं मूल आहे. तिला पुन्हा दिवस जातात आणि दूध आटतं. मुलाच्या बापाकडं दाई ठेवायला पैसे नाहीत, आणि दुधाविना मूल दगावेल अशी भीती आहे. हे वैध कारण. या चार ओळींत किती संसार मावला आहे बघा: अंगावरचं मूल, आटलेलं दूध, बापाची रिकामी कनवटी. हे लिहिणाऱ्यानं गर्भाबरोबर घरही पाहिलं होतं. पण याच इब्न आबिदीनांच्या ग्रंथात असंही आहे की रूह फुंकल्यानंतर आईच्या जिवावर बेतलं तरी जिवंत गर्भ कापून काढू नये, कारण आईचा मृत्यू ही अजून शंका आहे आणि गर्भाचा जीव ही खात्री. हे वाचताना आजही जीव गुदमरतो. विसाव्या शतकात कैरोच्या अल-अझहर विद्यापीठाचे शेख महमूद शलतूत यांनी आई हे मूळ आहे, मुळाचा बळी देऊन फांदी वाचवायची नसते, असा युक्तिवाद केला आणि तोच आता सर्वसाधारणपणे मानला जातो. म्हणजे किताबं गोठलेली नव्हती.

या जुन्या चर्चेतली एक गोष्ट मात्र फारशी कुणी बोलून दाखवत नाही. त्या काळात 120 दिवस मोजणार कोण? सोनोग्राफी नव्हती, लघवीची तपासणी नव्हती. पाळी कधी चुकली हे एकट्या बाईलाच माहीत. मुफ्ती पुरुष, काझी पुरुष, ग्रंथकार पुरुष. पण ज्या आकड्यावर सगळा निवाडा टेकला होता तो आकडा तिच्या तोंडून यायचा. तिनं ‘तीन महिने’ म्हटलं की तीन महिने. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथात गर्भ पाडणारी औषधं नोंदलेली आहेत. ती हकिमाकडून किंवा सुईणीकडून घेतली जात. शास्त्रात बाईला बोलायला जागा नव्हती, तरी व्यवहारात पहिला शब्द तिचाच होता.

एकोणिसाव्या शतकात हे बदललं, आणि बदलणारे मौलवी नव्हते. उस्मानी सरकारनं 1838 मध्ये फर्मान काढून गर्भपाताविरुद्ध मोहीम उघडली. चिंता लोकसंख्येची होती. युद्धांनी आणि साथींनी खिळखिळ्या झालेल्या साम्राज्याला सैनिक हवे होते, कर भरणारे हात हवे होते. 1858 ची उस्मानी दंडसंहिता तर 1810 च्या फ्रेंच संहितेवर बेतलेली. दोनच वर्षांनी इकडं इंग्रजांची भारतीय दंडसंहिता आली. तिच्या कलम 312 नं बाईचा जीव वाचवण्यापलीकडं सगळा गर्भपात गुन्हा ठरवला. साधी शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. ढाका, लाहोर, पुणे, सगळीकडं हेच कलम. म्हणून आज कुणी ‘इस्लामी कायदा गर्भपाताला मनाई करतो’ असं म्हणत एखाद्या देशाच्या दंडसंहितेकडं बोट दाखवतो, तेव्हा विचारावंसं वाटतं की ही मनाई कुणाची? अनेक ठिकाणी ती पॅरिसची किंवा लंडनची आहे. दोन-चार पिढ्यांत लोकांनी ती धर्माची म्हणून आत्मसात केली, आणि किताबांतल्या पायऱ्या फक्त मदरशात उरल्या.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक देश आपल्या वाटेनं गेला. ट्युनिशियानं 1965 मध्ये पाच मुलं असलेल्या बाईला मुभा दिली आणि 1973 मध्ये पहिल्या तीन महिन्यांत कोणत्याही बाईला, नवऱ्याच्या संमतीची अट न घालता. फ्रान्सचा कायदा त्यानंतर, 1975 मध्ये आला. तुर्कस्ताननं 1983 मध्ये दहा आठवड्यांची मुदत ठेवली, पण विवाहितेला नवऱ्याची सही लागते. पाकिस्ताननं 1990 मध्ये कलम 312 मागं टाकून शरियतच्या चौकटीत नवा कायदा केला. त्यात गर्भाचे अवयव तयार होण्याआधी ‘आवश्यक उपचार’ म्हणून मुभा आहे, नंतर फक्त जीव वाचवण्यासाठी. शरियतच्या नावानं आलेला हा कायदा इंग्रजांच्या कलमापेक्षा सैल निघाला, हे आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नसतं. पाकिस्तानातही नसतं. कित्येक डॉक्टर आजही पूर्ण मनाईच आहे असं समजून बाईला परत पाठवतात, आणि ती मग अडाणी हातांत जाऊन पडते.

दिवसांचा हिशेब खरा कसाला लागला तो थॅलसेमियाच्या निमित्तानं. पाकिस्तान, इराण या पट्ट्यात हा रक्ताचा आजार पुष्कळ. नात्यात लग्न होण्याची रीत असल्यानं एकेका घराण्यात तो पुन्हा पुन्हा उगवतो. मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवायचं, लोह साचू नये म्हणून औषधं द्यायची, आणि तरीही अनेकांनी विशी पाहायची नाही. 1994 च्या सुमारास रावळपिंडीत गर्भातल्या बाळाची या आजारासाठी तपासणी सुरू झाली. दहा-बारा आठवड्यांना वारेतला बारीकसा तुकडा काढून तपासायचा. डॉक्टरांनी आधी उलेमांना विचारलं. उत्तर आलं की आजार गंभीर असेल तर 120 दिवसांच्या आत गर्भ काढता येईल. मक्केच्या फिकह परिषदेनंही 1990 मध्ये गंभीर व्यंगाबाबत हीच मर्यादा मान्य केली होती. एक मूल रक्तावर जगत असताना दुसऱ्यांदा गरोदर राहिलेल्या आईला मुफ्तींचा हा कागद केवढा आधार वाटला असेल! ती गुनाहच्या भीतीतून सुटत नव्हती, पण तिच्या भीतीला आता काठ होता. इराणनं 2005 मध्ये कायदाच केला: चार महिन्यांच्या आत, तीन तज्ज्ञांचं निदान, न्यायवैद्यक खात्याची मोहर, आणि संमती आईची. फक्त एवढं झालं की दिवस मोजण्याचं काम आता बाईकडं उरलं नाही. ते यंत्राकडं आणि समितीकडं गेलं.

बांगलादेशात मात्र ते वेगळ्या वाटेनं बाईकडं परत आलं, आणि त्याची सुरुवात युद्धात झाली. 1971 च्या मुक्तियुद्धात बलात्कार झालेल्या स्त्रियांना शेख मुजीबुर रहमान यांच्या सरकारनं ‘बीरांगना’ म्हटलं आणि 1972 मध्ये त्यांच्यासाठी गर्भपाताची सोय केली. त्या स्त्रियांना स्वतःला काय हवं होतं, हे विचारण्याइतकी उसंत त्या धामधुमीत कुणी काढली नाही. पण मनाईची भिंत तिथं एकदा फुटली. पुढं 1979 मध्ये ‘मेन्स्ट्रुअल रेग्युलेशन’ राष्ट्रीय कुटुंब नियोजनात आलं. कलम 312 जागच्या जागी आहे. गर्भ असल्याचं सिद्धच झालेलं नसेल तर गर्भपाताचा गुन्हा घडत नाही, या कायदेशीर मताचा आधार घेतला गेला. म्हणजे होतं काय? बाई गावच्या केंद्रावर येते. तिथली परिचारिका शेवटच्या पाळीची तारीख विचारते. सिरिंजला नळी जोडून हातानं निर्वात पोकळी तयार करायची आणि गर्भाशय रिकामं करायचं; वीज लागत नाही, काही मिनिटांत होतं. पॅरामेडिकला दहा आठवड्यांपर्यंत मुभा, डॉक्टरला बारा. शेजारीण विचारते तेव्हा ‘एमआर करून आले’ एवढंच सांगता येतं. या सोयीनं असंख्य जीव वाचवले. काहींना ती कायद्याची पळवाट वाटते. मला ती सरकारनं दाखवलेली शहाणी माया वाटते, आणि तिला उलेमांचा मोठा विरोध झाला नाही, यातही 120 दिवसांची जुनी समज काम करत असावी.

भारतातही हेच कलम 312 लागू असताना 1964 मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालातून 1971 चा गर्भपात कायदा आला. तो सर्वधर्मीय स्त्रियांना सारखाच लागू आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत वारं पुन्हा फिरलं. 2012 मध्ये तुर्कस्तानात तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान यांनी गर्भपाताची तुलना हवाई हल्ल्यात मेलेल्या नागरिकांच्या हत्येशी केली. बायका रस्त्यावर आल्या, कायदा वाचला, पण सरकारी दवाखान्यांत ही सेवा मिळणं अवघड होत गेलं. इराणमध्ये जन्मदर घसरल्यावर 2021 मध्ये ‘तरुण लोकसंख्ये’च्या नावानं कायदा आला आणि गरोदरपणातल्या तपासण्यांवरही बंधनं पडली. दोन्हीकडं भाषा धर्माची होती, पण काळजी डोक्यांच्या संख्येची होती. 1838 मध्ये होती, तीच. किताबातला मुफ्ती निदान घरातलं दूध आटल्याचं ऐकून घेत होता. सरकारला ते ऐकू येत नाही.

ते ऐकवण्याचं काम आता बायका स्वतः करू लागल्या आहेत. मोरोक्कोत 2015 मध्ये राजाच्या पुढाकारानं सल्लामसलत झाली. बलात्कार, जवळच्या नात्यातला अत्याचार, गंभीर व्यंग अशा कारणांसाठी मुभा देण्याचा मसुदा झाला, आणि 2021 मध्ये सरकारनं तो ज्यात होता ते दंडसंहितेचं विधेयकच संसदेतून मागं घेतलं. मधल्या काळात, ऑगस्ट 2019 मध्ये, हाजर रायसूनी या तरुण पत्रकार स्त्रीला रबातमध्ये गर्भपाताच्या आणि विवाहबाह्य संबंधाच्या आरोपाखाली पकडलं. गर्भपात झालाच नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या मर्जीविरुद्ध वैद्यकीय तपासणी झाली, हीही तिची तक्रार. तिला एक वर्षाची शिक्षा झाली. ऑक्टोबरमध्ये राजानं माफी दिली. पण माफीच्या आधीच, सप्टेंबरमध्ये, लेखिका लैला स्लिमानी आणि चित्रपट दिग्दर्शक सोनिया तेराब यांच्या पुढाकारानं एक जाहीरनामा निघाला. त्यावर 490 सह्या होत्या, कारण लग्नाबाहेरच्या संबंधाला शिक्षा सांगणाऱ्या कलमाचा क्रमांक तोच आहे. आपण हे कायदे मोडले आहेत, गर्भपात केला आहे, त्यात मदत केली आहे, असं सह्या करणाऱ्यांनी सांगितलं. पुढच्या काही दिवसांत हजारो जणींनी आणि जणांनी त्याखाली आपली नावं घातली.