गेलेला माणूस आणि पुढचा डाव



करंजा बंदरातून रेवसला जाणारी दिवसाची शेवटची लाँच सुटली की धक्का हळूहळू रिकामा होतो. अशाच एका रात्री इशाच्या नमाजनंतर सतरा वर्षांचा एक मुलगा मशिदीच्या पायरीवर माझी वाट पाहत बसला होता. त्याचे वडील बंदराच्या मालवाहतुकीत ट्रेलर चालवीत. सात महिन्यांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने ते अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या जनाजाची नमाज मीच पढविली होती.

मुलाने मान खाली घालून सांगितले की, आईने शिलाई मशीनसाठी साठवलेले बारा हजार रुपये तो पोकरमध्ये हरला आहे. सुरुवात मोबाइलवर झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ते दार बंद झाले. मग तो मोठ्या मुलांबरोबर पत्ते घेऊन बसू लागला. मी जुगाराविषयीच्या आयतींची आठवण करून देणार, तोच तो म्हणाला, "मौलाना, मला पैसे नको होते. तिथे हरलो तरी पुढचा डाव असतो. घरी पुढचा डाव नसतो."

वाचकहो, त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते. जे उत्तर पुढे शोधावे लागले, ते आपणापुढे ठेवतो.

जुगार हराम आहे, याविषयी शंका नाही. सूरह अल-माइदाच्या ९०व्या आणि ९१व्या आयतीत मद्य आणि जुगार यांना सैतानी घाण म्हटले आहे. त्यांच्यामुळे माणसामाणसांत वैर पेरले जाते आणि अल्लाहचे स्मरण व नमाज सुटते, हे कारणही तेथेच सांगितले आहे. अज्ञानकाळातील अरबांचा जुगार, म्हणजे मैसिर, लक्षात घेण्यासारखा आहे. उंट कापून त्याचे वाटे केले जात आणि दहा बाण काढले जात. त्यांपैकी सात हिश्शाचे, तर तीन रिकामे असत. ज्यांच्या वाट्याला रिकामे बाण येत, ते उंटाची किंमत भरत. जिंकणारे ते मांस स्वतः न खाता गरिबांना वाटीत. सूरह अल-बकराच्या २१९व्या आयतीने जुगारात लोकांना काही लाभ असल्याचे मान्य केले, पण त्यातील पाप लाभाहून मोठे ठरविले. ज्या जुगाराने भुकेल्यांचे पोट भरत होते, तोही निषिद्ध ठरला.

'पोकर हा नशिबाचा नव्हे, बुद्धीचा खेळ आहे,' असे काही तरुण म्हणतात. आपल्या न्यायालयांतही हा भेद चर्चिला गेला आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते. २०२५च्या कायद्याने मात्र पैसा लागताच हा भेद बाजूला ठेवला. शरियतचा प्रश्नही तोच आहे. दोघांनी पैसे लावले आणि एकाचे गेल्यावाचून दुसऱ्याला मिळत नसेल, तर बुद्धी कितीही लागो, तो जुगारच.

परंतु हुकूम सांगून झाला तरी त्या मुलाचे वाक्य तसेच उरते. मराठी विषय घेऊन बी.ए. करीत असताना वाचनालयात रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीचे चरित्र माझ्या हाती आले होते. ते या निमित्ताने आठवले. १८६४ साली अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने त्याची पत्नी आणि थोरला भाऊ वारले. जुगाराची चटक त्याला आधीपासून होती, पण पुढच्याच वर्षी जर्मनीतील वीसबाडेन येथे तो होते नव्हते ते सारे हरला. १८६६ साली त्याने जुगाऱ्यावरची कादंबरी सव्वीस दिवसांत तोंडी सांगून लिहवून घेतली. जुगार सुटायला मात्र १८७१ साल उजाडले. रोग इतका नेमका ओळखणाऱ्यालाही केवळ ओळखण्याने तो सोडता आला नाही.

याचे कारण त्या मुलाच्या वाक्यात आहे. मृत्यू हे असे नुकसान आहे की, ते या जगात भरून निघत नाही. जुगार नेमके उलटे आश्वासन देतो : गेलेले परत येईल, फक्त आणखी एकदा पत्ते वाट. शोकाकुल मनाला याहून गोड असत्य कोणते असणार? म्हणून त्या पोराला पैशाचा लोभी म्हणणे चुकीचे ठरेल. तो आपल्या बापाला परत जिंकू पाहत होता.

आम्ही त्याला काय दिले होते? "सब्र कर, बेटा," एवढेच. आणि सब्र म्हणजे गप्प राहणे, असाच अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचला. वास्तविक हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. कुरआनने त्यांना बेसब्र म्हटले नाही; आपले दुःख ते अल्लाहपाशी उघड करीत होते. आपल्या चिमुकल्या इब्राहीमच्या निधनाच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याही डोळ्यांतून अश्रू वाहिले. सब्र म्हणजे गेलेले परत येणार नाही हे मानणे, आणि तरीही रबच्या दारातून न उठणे.

साने गुरुजींची आई १९१७ साली गेली, तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. सोळा वर्षांनी, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. गेलेली आई परत आली नाही, पण तिचे संस्कार हजारो घरांत पोहोचले. दुःखाला बोलायला जागा मिळाली, तर ते असे फळते. तशी जागा न मिळाली, तर ते पत्त्यांच्या अड्ड्यावर जाऊन बसते.

आता प्रश्न असा की, या पापाचा धनी कोण? कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा कुरआनचा नियम आहे. तो मुलगा वयात आला आहे. त्याच्या कृत्याचा जाब त्यालाच द्यावा लागेल. पण आमचा जाब वेगळा आहे, आणि तोही घेतला जाईल. फिकहच्या भाषेत वयात आलेला मुलगा यतीम राहत नाही. मला वाटते, आम्ही त्या व्याख्येच्या आड लपलो. तीन दिवस घरी जेवण पोहोचवले, दुआ केली आणि मोकळे झालो. सात महिन्यांत मी त्याला एकदाही विचारले नाही की, रात्री झोप लागते का?

हजरत जाफर (रजि.) मूता येथे शहीद झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरी जेवण पाठवण्यास सांगितले. ही सुन्नत आपण पाळतो. पण हदीसमध्ये पुढेही काही आहे. तीन दिवसांनंतर प्रेषित (स.) स्वतः त्या घरी गेले. मुलांना जवळ बोलावले, न्हाव्याला बोलावून त्यांचे केस काढविले आणि त्यांच्या आईला धीर दिला की, या मुलांचा पालक इहलोकी आणि परलोकी मी आहे. जिथे आपण थांबतो, तिथून त्यांनी सुरुवात केली.

त्या रात्री मी त्याला एवढेच म्हणालो, "तुझ्या अब्बांविषयी सांग." तो खूप वेळ बोलला आणि प्रथमच रडला. तौबा आणि आईचे पैसे फेडणे, या दोन्ही गोष्टी नंतर आल्या. दर रविवारी तो धक्क्यावर बर्फ उतरवण्याचे काम करतो आणि मजुरी आईच्या हाती देतो. मध्ये एकदा पुन्हा पत्त्यांवर बसला, तेही स्वतःच येऊन सांगितले. जुम्याच्या नमाजनंतर आम्ही दोघे कब्रस्तानात जातो.

वाचकहो, आपल्या मोहल्ल्यात या वर्षी कोणाचे वडील वारले, कोणाची आई गेली, हे आपणांस ठाऊक आहे. त्या घरातील मुलाला चौथ्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी, सातव्या महिन्यात कोणी भेटते का? आपण भेटलो नाही, तर त्याला पुढचा डाव देणारे कोणी ना कोणी भेटेलच.

अल्लाह आपणां सर्वांना अशा मुलांच्या पाठीवर हात ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.