जनरल पिंटो यांचे स्मरण

कॅथलिक परंपरेत 2 नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस, म्हणजे सर्व दिवंगतांसाठी प्रार्थना करण्याचा आणि कबरींवर मेणबत्त्या लावण्याचा दिवस मानला जातो. अशा दिवशी पुण्यात 1924 साली जन्मलेले कॅथलिक सेनानी लेफ्टनंट जनरल वॉल्टर अँथनी गुस्ताव्हो पिंटो यांचे स्मरण उचित ठरते. 1971 च्या भारत-पाकिस्तान युद्धात शकरगढ क्षेत्रात ते 54 व्या इन्फन्ट्री डिव्हिजनचे, म्हणजे अनेक ब्रिगेड मिळून बनलेल्या पायदळाच्या मोठ्या रचनेचे, प्रमुख होते. बसंतर नदीजवळील सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढून पैलतीरी पाय रोवणे आणि मग शत्रूच्या रणगाड्यांचे प्रतिहल्ले परतवणे हे अतिशय अवघड काम या डिव्हिजनने पार पाडले. त्या लढाईत मेजर होशियार सिंग आणि पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना परमवीर चक्र, म्हणजे युद्धातील सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. खेत्रपाल यांना तो मरणोत्तर मिळाला, कारण 16 डिसेंबर रोजी, अवघ्या 21 व्या वर्षी, ते रणांगणावर पडले. विजयाचे श्रेय सेनापतीच्या नावे जमा होणे इतिहासात (काहीसे अन्यायानेच) नेहमीचे असले, तरी पिंटो यांनी ‘बॅश ऑन रिगार्डलेस’ हे पुस्तक लिहिले ते आपल्या डिव्हिजनविषयी, हे विशेष लक्षणीय होय. मार्च 2021 मध्ये, 96 वर्षांचे असताना, पुण्यातच त्यांचे निधन झाले. खेत्रपाल यांच्यानंतर ते 49 वर्षे जगले.