देवाचे भय

तळीये (ता. महाड) येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. ‘देवाचा कोप!’ म्हणणारे आम्हांस अजून भेटतात. देवाला भ्यावे असे ख्रिस्ती लोकही सांगतात. पण त्यांच्या बायबलातला ईयोब पाहा. देवाला भिऊन वागणारा सज्जन. त्याची लेकरे गेली, गुरे गेली, अंगभर फोड उठले. मित्र येऊन सात दिवस मुकाट बसले. इथवर ठीक हो! मग लागले सांगायला, हे तुझ्याच पापाचे फळ. ईयोब देवाशी भांडला. देवाने दटावले, तेव्हा न कळणारे बोललो म्हणून नमला. आम्ही देवाचे भय म्हणतो ते ह्या नमण्याला. आणि कोप? तो झाला देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर! ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली, तेव्हा कुठे ते सुटले.